उताणी फियाट

गंजाची एक वाईट खोड आहे. तो तोंडावर कधी येत नाही. बॉनेट, दरवाजे, डिकी, म्हणजे जिथं चार लोकांची नजर जाते, तिथं तो फार तर एखादा फोड उठवून आपलं लक्ष गुंतवतो. त्याचा खरा कारभार खाली चाललेला असतो. फ्लोअरच्या पत्र्यात, दाराखालच्या रनिंग बोर्डाच्या पोकळीत, मागच्या पाट्यांच्या हँगरभोवती. आमच्या फियाटचं नेमकं हेच झालं होतं. वरून बघणारा म्हणायचा, "वा, काय ठेवलीय गाडी!" वाकून खाली बघणारा काही म्हणायचा नाही. तो गुडघे झटकत उठायचा आणि पावसापाण्याचा विषय काढायचा.

गाडी १९७१ची, फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. हिलाच पुढं नाकीडोळी जरा बदलून पद्मिनी म्हणायला लागले आणि मुंबईनं तिची काळीपिवळी टॅक्सी केली. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून बघून ती मिळवली होती. त्या काळात गाडी विकत घ्यायची नसे, ती नशिबात यावी लागे. वडील गेल्यावर ती माझ्याकडं आली आणि शेडमध्ये उभी राहिली. कोल्हापूरच्या पावसात शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

२०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षं उलटलेली गाडी मूळ रूपात असेल, शॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला नसेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी, की ती रोजच्या वापराला काढायची नाही. आमची गाडी कित्येक वर्षांत कुठल्याच वापराला निघाली नव्हती, त्यामुळं ही अट मी नियम येण्याआधीपासून काटेकोर पाळत होतो. पुढं ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. ते वाचून माझा ऊर भरून आला. माझा ऊर भरून आला की घरात खर्च होतो, हे बायकोला अनुभवानं ठाऊक आहे. तिनं पेपर घडी करून रद्दीत टाकला, पण उशीर झाला होता.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खाली बॅटरी मारली, पेचकसानं फ्लोअर टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

"साहेब, फ्लोअर बदलायचा, दोन्ही रनिंग बोर्डं बदलायची. इंजिन, पाटे, एक्सल समदं उतरवू. मग चार मानसं लावू, जुनी टायरं टाकू आन् कुशीवर निजवू. एक कूस झाली की दुसरी."

वर्षानुवर्षं गावोगावच्या गॅरेजांत ज्या पद्धतीनं हजारो गाड्या दुरुस्त झाल्या, ती पद्धत त्या माणसानं मला चार वाक्यांत सांगितली होती. खर्च, चार माणसांचा चहा. पण कुशीवर? टायरांवर? वडिलांची गाडी?

इथं माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. सगळी नोकरी ट्रेसिंग पेपरवर गेली. धरणाच्या सांडव्यापासून चौकीदाराच्या खोलीपर्यंत सगळं मी काढलं, आणि माझ्या कागदावरची एकही गोष्ट कधी पडली, गळली किंवा खचली नाही. प्रत्यक्षात काय झालं त्याला साइटवरचे लोक जबाबदार. अशा माणसाला निवृत्तीनंतर मोकळा वेळ, पन्नास वर्षांची गाडी आणि इंटरनेट एकाच वेळी मिळू नये. मला मिळालं. आणि मी रोटिसरी पाहिली.

परदेशातले हौशी लोक गाडीचा रिकामा सांगाडा पुढून आणि मागून दोन उभ्या खांबांना पकडतात आणि शिगेवरच्या कोंबडीगत गोल फिरवतात. वेल्डिंग करणारा आपला स्टुलावर बसलेला. खालचा पत्रा उभा होऊन त्याच्या समोर येतो. हवा तर पूर्ण उताणी करा. गाडीखाली झोपून वर तोंड करून वेल्डिंग करायचं म्हणजे वितळलेला थेंब कॉलरमधून आत शिरतो आणि माणूस झोपल्या जागी लावणी करतो. शिवाय डोक्यावरचा टाका कधी नीट बसत नाही. जीपला खाली वेगळी शॅसी असते, बॉडी उचलून बाजूला ठेवली की काम मोकळं. फियाटला ती सोय नाही. तिचा पत्रा हीच तिची शॅसी. तेव्हा तिला फिरवणं हाच शास्त्रशुद्ध मार्ग, असं मी जाहीर केलं.

"किती लागतील?" बायकोनं विचारलं.

"हे आपल्याच गावात होण्यासारखं आहे. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला होता."

"अहो, मी पैसे विचारले."

कपाटावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली आला. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईची पेनं. प्लॅन, पुढचं एलेव्हेशन, बाजूचं एलेव्हेशन, जोडांचे तपशील. ७५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, खाली इंग्रजी 'टी'च्या आकाराचे पाय, चाकं, दोन्ही खांब जोडणारा तळाचा लांब पाइप. आणि सगळ्यांतून आरपार जाणारी, लांब रेघ-टिंब-लांब रेघ अशी, फिरण्याची अक्षरेषा. ही रेषा मी पुढच्या आणि मागच्या बंपरच्या बोल्टांतून नेली. का? कारण बोल्ट तिथं होते. शिवाय ती रेषा तिथून गेली की कागदाचे वरचे-खालचे समास अगदी समान येत होते. जाणकार वाचकाला इथंच घाम फुटला असेल. मला नाही फुटला. मी कोपऱ्यात नाव घातलं, तारीख घातली आणि 'तपासले' या शब्दासमोरही माझीच सही केली. कारण तपासायला दुसरं कुणी नव्हतं.

गाडी उलटी झाल्यावर कशी दिसेल, ते एलेव्हेशन मात्र मी काढलं नाही. वडिलांचं वाहन, चाकं वर करून काढणं बरं दिसत नाही.

मिस्त्रींनी कागद उभा धरला, आडवा धरला, मग चहाच्या कपाखाली ठेवला. त्यांच्या दोनच शंका होत्या. एक, "ह्यो दांडा एवढा खाली कशाला घेतलायसा? जरा वर घ्या की. भोकं पाडून ठेवतो इंचा-इंचावर, मागनं बघू." मी म्हटलं, भोकांनी पाइप कमजोर होतो. दुसरी शंका फिरण्याच्या जागेची. त्यांचं म्हणणं, पाइपात पाइप घालू, जरा आवळ बसतंय, घासत फिरतंय, बरं असतंय. घासत? मी हसलो. इचलकरंजीला माझे मेव्हणे आहेत. त्यांच्या ओळखीनं सायझिंगच्या मशीनवरचे जुने बेअरिंग ब्लॉक भंगाराच्या भावात मिळाले होते. ते रॉकेलमध्ये धुऊन, नवं ग्रीस भरून मी त्यांच्यासमोर ठेवले. बोटानं टिचकी मारली की आतली कडी फिरत राहायची, फिरतच राहायची.

"लई गुळगुळीत हाय," मिस्त्री म्हणाले. ते मी कौतुक म्हणून घेतलं.

गाडी उतरवायचं काम सुरळीत झालं, कारण त्यात माझा हात नव्हता. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल पाट्यांसकट, पुढची कॉइल स्प्रिंगं, काचा, सीटं, वायरिंग. दरवाजे काढल्यावर मिस्त्रींनी दोन्ही बाजूंच्या दारांच्या मोकळ्या चौकटींत पुढच्या पिलरपासून मागच्या पिलरपर्यंत पाइपांचे आडवे-तिरपे टेकू टाके मारून बसवले. हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये दरवाजे लावलेले होते, कारण दरवाज्याची मूठ मला फार सुरेख जमली होती. पण ते टेकू नसते, तर गंजकी रनिंग बोर्डं कापल्याबरोबर सांगाडा मधून वाकला असता आणि पुढं जन्मभर एकही दरवाजा बसला नसता. या गाड्यांत गंजलेलं रनिंग बोर्डही काही ना काही भार तोलत असतं. खात्यात असे बरेच लोक मी पाहिलेत.

शेवटी तो दिवस उगवला. शेडमध्ये सांगाडा चेनब्लॉकनं उचलून घोड्यावर चढवला (मिस्त्री रोटिसरीला 'फिरता घोडा' म्हणत), बंपरच्या जागी ब्रॅकेटं आवळली, लॉक पिन घातली, चेन सोडली. मेव्हणे इचलकरंजीहून आले होते, बेअरिंगचे जनक या नात्यानं. शेजारचे अण्णा खुर्ची घेऊन आले. बायकोनं हळदकुंकू वाहिलं. मी नारळ फोडला, तो पहिल्या फटक्यात फुटला. तेवढा एकच आघात त्या दिवशी योजनेप्रमाणं झाला.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, पिन मी काढतो. दोन पोरं टपाला धरू देत."

"धरायचं काय त्यात? बोटानं फिरणार आहे ती," मी म्हणालो आणि पिन उपसली.

क्षणभर काहीच झालं नाही. मी लोकांकडं वळलो. काहीतरी बोलायची तयारी केली होती. पाठीमागं बेअरिंगचा सूंऽऽ असा मुलायम आवाज आला. सायझिंगच्या मशीनवर त्या बेअरिंगांनी आयुष्यभर इमानेइतबारे जे केलं, तेच ती करत होती. मागोमाग दाणकन आवाज आला, शेड हादरली आणि लाल धूळ उठली.

धूळ बसल्यावर दिसलं ते असं. गाडी उलटी झाली नव्हती, सुलटीही राहिली नव्हती. टप खाली, फ्लोअर वर, अशी तिरकी होऊन ती डाव्या बाजूच्या टपाच्या कडेवर अडकली होती. पत्र्याची पन्हळ शहाबादी फरशीत रुतलेली. घोड्याचं मागचं एक चाक जमिनीपासून वीतभर वर, आणि ते सावकाश फिरत होतं. पूर्ण फिरेल अशी एकच वस्तू त्या दिवशी शेडमध्ये होती, ती हीच. रनिंग बोर्डाच्या भोकांतून पन्नास वर्षांची माती गळत होती. गंजाचे पापुद्रे, उंदरानं साठवलेले शेंगदाणे, एक कंगवा, आणि कंडक्टरनं चिमट्यानं भोकं पाडलेलं एसटीचं तिकीट. स्वतःची गाडी असताना एसटीनं कोण गेलं होतं, यावर अण्णांनी लगेच चौकशी सुरू केली.

"असंच ठेवायचं असतं का?" बायकोनं शांतपणे विचारलं.

मिस्त्रींनी टपाखाली दोन ओंडके सारले, चेनब्लॉक परत अडकवला आणि मग माझ्याकडं बघून फक्त एवढंच म्हणाले, "वरनं जड हाय ती."

त्या रात्री मी परत बोर्डावर बसलो. या वेळी गाडी उलटी काढली. हात थरथरत होता, पण काढली. रिकाम्या सांगाड्याचं वजन अंदाजे २५० किलो धरलं. फ्लोअर जड, टप हलका, हे खरं. पण पिलर, डॅशबोर्डची भिंत, खिडक्यांच्या चौकटी धरल्या तर सगळ्या वजनाचा मध्य बंपरच्या बोल्टांच्या बराच वर येतो. सहा इंच वर धरला तरी, गाडी पुरती कुशीवर झाली की टपाच्या कडेला तिला रोखून धरायला सुमारे ३८ किलोचा जोर लागतो. माझ्या हाताला आयुष्यात जास्तीत जास्त टी-स्क्वेअरचं वजन माहीत. आणि पाइपात पाइप घासत फिरला असता, तर त्या घासण्यानं तिला निदान सावकाश पडायला लावलं असतं. माझ्या बेअरिंगांनी तिला कसलीच हरकत घेतली नाही.

उंचीचं गणित तर त्याहून सरळ होतं. गाडीचा टप जमिनीपासून ४ फूट ९ इंच, बंपरचे बोल्ट दीड फुटावर. म्हणजे अक्षापासून टप सव्वातीन फूट, टपाची कड त्याहून लांब. आणि घोड्यावर अक्ष जमिनीपासून ३ फूट. का ३ फूट? उभ्यानं काम करायला तेवढी उंची बरी पडते, असं ड्रॉइंगच्या शेऱ्यात मीच लिहिलं होतं. थोडक्यात, त्या शेडमध्ये ती गाडी कधीच पूर्ण फिरणार नव्हती. कागदावर मात्र ती फारच सुंदर फिरत होती, कारण कागदाला खाली जमीन नव्हती. जमीन दाखवणारी रेघ मी काढली होती, पण पेन्सिलीनं, आणि शाई भरताना खोडून टाकली होती.

मिस्त्रींनी यातलं काहीही मांडलं नाही. त्यांनी खांब अर्ध्या फुटानं वाढवले. ब्रॅकेटला इंचा-इंचावर भोकं पाडली (ती त्यांनी आधीच पाडून आणली होती, नुसती लायनरखाली झाकून ठेवली होती, हे मला नंतर कळलं). सांगाडा चेनवर तोलून धरला, बोल्ट एक भोक सरकवले, पोरांना टप धरायला लावला आणि जरा कलवून बघितलं. कलली की पडायला बघते, म्हणजे अक्ष अजून खाली आहे. आणखी एक भोक. आणखी एक. एकदा जास्त वर गेला, तेव्हा कलवली की ती आपली आपण सरळ व्हायला लागली. तेही नको, कारण मग उताणी धरून ठेवायला माणसं लागतात. परत एक भोक खाली. असं करत करत एक जागा आली, की गाडी कुठंही सोडा, तिथंच थांबते. तीस अंशांत सोडली, थांबली. कुशीवर सोडली, थांबली. उताणी केली आणि मिस्त्रींनी दोन्ही हात खिशात घातले. थांबली.

"आता धरा बोट," ते म्हणाले.

मी बोटानं ढकललं. अडीचशे किलोची गाडी वळली आणि जिथं बोट काढलं तिथं उभी राहिली. आता माझ्या त्याच गुळगुळीत बेअरिंगांचं मेव्हणे तोंड भरून कौतुक करू लागले. मीही त्यांना अडवलं नाही.

पुढचे महिने घरात येणारा प्रत्येक माणूस आधी शेडमध्ये जाऊन गाडी फिरवून यायचा. अण्णांची नातवंडं, सिलिंडरवाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेली तालमीची पोरं. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका दूरच्या काकूंनी उताण्या गाडीला नमस्कार केला. एकदा पहाटे बघतो तर बायको शेडमध्ये उभी, गाडी उताणी करून आतल्या भोकांत झाडू घालतेय. म्हणाली, इतकी वर्षं हिच्याखालून कचरा निघत नव्हता.

गाडी फिरायला लागल्यावर गंजाला लपायला जागा उरली नाही. मागच्या पाट्यांच्या हँगरच्या मुळाशी तडा सापडला. कुशीवर निजवून काम केलं असतं तरी तो सापडलाच असता, असं मिस्त्रींचं मत आहे. मी ते नोंदवून घेतलेलं नाही. नवी रनिंग बोर्डं बसली, फ्लोअर बसला, टाके सगळे सपाट, वरून खाली मारलेले. जोडांवर झिंकचा प्रायमर झाला. पोकळ्यांत मेण फवारताना गाडी सगळ्या बाजूंना फिरवली, म्हणजे ते कोनाकोपऱ्यांत ओघळून बसलं. टपाची डावी कड, जी माझ्या शुभहस्ते फरशीवर आपटली होती, ती ठोकून, लांबी भरून सरळ करावी लागली. गाडीच्या वरच्या भागात करावं लागलेलं मोठं काम तेवढंच. तिथं गंज नव्हता.

पेंटर मात्र गाडीपाशी यायला तयार नाही. गाडी त्याच्याकडं नेऊ म्हटलं, तर घोड्यासकट ती गल्लीच्या वळणावर वळत नाही, आणि घोड्यावरून उतरवली तर तिला खाली ठेवायला चाकं नाहीत. ड्रॉइंगमध्ये गल्ली नव्हती. सध्या त्याच्याशी बोलणी चालू आहेत. दरम्यान मिस्त्रींकडं एका डॉक्टरांची जुनी अँबॅसडर आलीय, तीही बिनशॅसीची, आणि त्यांना घोडा भाड्यानं हवाय. मी सुधारित ड्रॉइंग देऊ केलं. ते म्हणाले, "न्हाई साहेब, नुसता घोडाच द्या."

परवा बिल आलं. वहीच्या पानावर, मिस्त्रींच्या मुलाच्या सुवाच्य अक्षरात. घोडा बनवणे. गाडी खोलणे. टेकू मारणे. गाडी घोड्यावर चढवणे. मी खात्यातल्या सवयीनं एकेका बाबीसमोर बरोबरची खूण करत खाली आलो. गाडी सोडवणे. खांब वाढवणे. तोल काढणे. या सगळ्यांना मजुरी लावलेली होती. 'चढवणे' आणि 'सोडवणे' यांच्या मधे एक ओळ मात्र रकमेशिवाय होती: "गाडी पाडणे. मालकांनी स्वतः केले. मजुरी नाही."